एका रांगेतले दोन फोटो

आमच्या आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला नख नाही. मी तिसरीत असताना ते गेलं. कसं गेलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

आम्हाला शेत नव्हतं. गडमुडशिंगीच्या पुढं आमचं गाव, गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती, वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या आणि दारात एक म्हैस. म्हशीला वैरण लागते आणि वैरण दुसऱ्याच्या बांधावर उगवते. आई लोकांच्यात भांगलायला, म्हणजे तण काढायला जायची आणि येताना बांधावरचं गवत कापून भारा आणायची. बांधावरचं गवत कुणाचं, यावरून आमच्याकडं किती डोकी फुटली ते कुणी मोजलेलं नाही. त्या दिवशी मालक आला. आईच्या हातातला विळा तो ओढायला लागला, आईनं सोडला नाही. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं आणि विळा तिच्याच अंगठ्यावर फिरला. नख गवतात पडलं. मालकानं भारा लाथेनं उसवला, पाटाच्या पाण्यात ढकलला आणि म्हणाला, "परत दिसलीस तर बोटं ठेवणार न्हाई."

घरी आल्यावर आबांनी आईला मारलं. आबा म्हणजे माझे वडील. सापडलीस कशी, म्हणून मारलं. फडकं बांधलेला हात तिनं डोक्यावर धरला होता आणि ते त्याच हातावर मारत होते. मालकाच्या दारात जाऊन बोलायची त्यांची ताकद नव्हती. जी होती ती सगळी आमच्या दोन खोल्यांतच संपायची.

मी हे झाकून ठेवत नाही. आबा मारायचे. मलाही मारायचे, चुलीजवळची फुंकणी घेऊन. दूध सांडलं म्हणून, दिवा विझवायला विसरले म्हणून, उलट बोलले म्हणून. पण शाळा सोड म्हणून त्यांनी कधी हात उचलला नाही. उलट सहावीत एकदा मी शाळा बुडवून आंब्याखाली बसले होते, तर तिथून शाळेच्या फाटकापर्यंत मारत नेलं. वर्गात जाऊन बसले तेव्हा पोटऱ्यांवर वळ होते. मास्तरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उशीर झाला.

मी बारावीत असताना गावच्या दूध संस्थेत आबांना काम लागलं, कॅन टेम्पोत चढवायचं. नंतर दूध मापणारा माणूस सोडून गेला आणि आबांना काट्यावर बसवलं. वस्तीतला माणूस काट्यावर बसला म्हणून गावातल्या चार घरांनी आठवडाभर शेजारच्या गावात दूध घातलं. मग लांब पडतंय म्हणून परत आली. आबा त्यांचंही दूध तसंच मापायचे, शेवटच्या थेंबापर्यंत. काट्यावर बसल्यापासून त्यांचं मारणं कमी झालं. थांबलं असं मी म्हणणार नाही.

मी कोल्हापुरात बीसीए केलं. वस्तीतून पोरं शिकलीत, साहेबही झालीत, पण आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. निकालाचा कागद आईनं दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "ह्येच्यात तुजं नाव कुठं हाय, बोट ठिवून दाव."

त्यानंतर राजारामपुरीतल्या एका ऑफिसात मला नोकरी मिळाली. वेबसाईट करायचं ऑफिस, पहिल्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान. ऑफिस एकाच माणसाचं, त्यांना आम्ही सर म्हणायचो. सर हुशार आणि महातापट. अंगावर हात कधी टाकला नाही, सगळं वस्तूंवर काढायचे. एका भिंतीला डबा आपटून पोचा पडला होता, तो ते नव्या माणसाला दाखवायचे.

पहिल्याच महिन्यात मी एका मंगल कार्यालयाच्या पानात सरळ दुरुस्ती केली. सरळ म्हणजे जगाला दिसणाऱ्या पानातच. अर्धा तास त्या कार्यालयाच्या नावाखाली 'इथं काहीतरी लिहा' असं झळकत होतं. मालकाचा फोन आला. सरांनी माझ्यासमोरचा कीबोर्ड उचलला आणि टेबलाच्या कडेवर दोन वेळा हाणला. एक बटण उडून माझ्या डोळ्याखाली लागलं.

"लोकल म्हणजे काय म्हाईत हाय का?" सर ओरडले. "कॉलेजात काय गवत उपटत होतीस? आधी आपल्या मशिनीवर पान उघडायचं. आपल्यालाच दिसतं, दुसऱ्या कुणाच्या बापाला दिसत न्हाई. तिथं मोडू दे, वाकडं होऊ दे, जळू दे. सगळं नीट झालं की मग फोनवर बघायचं. आणि मग जगाला सोडायचं. सोडल्यावर बोंबलून उपयोग न्हाई!"

फोनवर बघायसाठी त्यांच्या टेबलाच्या खणात एक काच तडकलेला स्वस्तातला फोन असायचा. गावातल्या माणसाकडं असतो तसाच मुद्दाम ठेवलेला.

आईला मी हे समजावून सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजे पंगत बसायच्या आदी आमटी हातावर घिऊन बघायची. त्यात काय एवडं?" आईचं बरोबर होतं. पण मला त्यात दुसरंच काहीतरी मिळालं होतं. आपल्या मशिनीवर मी रोज वीस चुका करायची. रंग चुकायचे, ओळी एकमेकींवर चढायच्या, पान कोरं यायचं. आणि कुणी मारत नव्हतं. चूक करून बघायला अशी जागा मला तोवर कुठंच मिळाली नव्हती. मला ते काम फार आवडायला लागलं, आणि मी त्यात चांगली झाले. चांगली म्हणजे ऑफिसात सगळ्यांत चांगली. खोटी नम्रता मला जमत नाही.

दोन वर्षांनी आमच्याच गावची दूध संस्था माझ्याकडं आली. संस्थेला पंचवीस वर्षं होत होती, मोठा कार्यक्रम होता, आणि त्यात वेबसाईटचं उद्घाटन करायचं ठरलं. काम मला मिळालं ते आबा काट्यावर होते म्हणून. सरांनी परवानगी दिली, "तुझ्या गावचं हाय, तुझं तू कर." मी ते घरी माझ्या लॅपटॉपवर रविवारी करायला घेतलं.

आता इथली एक गोष्ट सांगायला पाहिजे. संस्थेचे चेरमन आणि व्हाईस चेरमन एकाच भावकीतले, चुलतभाऊ, आणि एकमेकांचे हाडवैरी. मागच्या निवडणुकीत दोघांची माणसं बरोबरीनं निवडून आली होती. त्या दिवशी गावात काठ्या निघाल्या, दोन माणसांचे पाय मोडले, तिसऱ्याच्या पोटात सळई गेली. शेवटी समझोता झाला की संस्थेत जे काही करायचं ते दोघांचं सारखं. तेव्हापासून गावात डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स, लागला की दोन्हीकडची माणसं टेप घेऊन फोटो मोजायला येतात. एकदा चेरमनचा फोटो चार बोटं वर लागला होता, तर रात्रीत बोर्ड फाडला आणि बोर्ड लावणाऱ्याला सकाळी त्याच बांबूनं बडवला.

म्हणून संस्थेचे सचिव मला बजावून गेले. सचिव म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस. "ताई, दोघं एका रांगेत. पायापासनं फेट्यापर्यंत आख्खं फोटू. डावीकडं चेरमन, उजवीकडं व्हाईस. वर-खाली एक सूत नको. आणि मधी फट ठिवू नका."

"फट का नको?"

"दोघांत फट हाय म्हणून उद्या त्याच्यावरनं दंगा. चिकटून ठिवा."

मी तसंच केलं. दोघांचे पांढऱ्या कपड्यातले, हात जोडलेले, फेटा बांधलेले फोटो. लॅपटॉपवर एका रांगेत, खांद्याला खांदा लावून. सचिव आमच्या घरी आले, खिशातून फूटपट्टी काढली आणि स्क्रीनला लावली. डावा मोजला, उजवा मोजला. परत डावा मोजला. "बरोबर हाय. सोडा."

मी सोडलं. फोनवर बघितलं नाही. खणातला तो फोन ऑफिसात होता, पण माझा स्वतःचा फोन हातात होता की. माझ्या फोनवरूनच लॅपटॉपला नेट दिलं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही, कारण मला वाटलं मला जमलंय. फूटपट्टी लावून मोजलंय, आता काय बघायचं? ही माझी चूक, आणि ती मी पुढं सगळ्यांसमोर सांगितली.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात, सकाळी अकराला. मांडव, पुढं बायका, मागं पुरुष, स्टेजला लागून मसाला दुधाचं पातेलं. दुधावर आबा होते, नवा शर्ट घालून. माझा लॅपटॉप पडद्याला जोडला होता. चेरमन आणि व्हाईस चेरमन दोघांनी मिळून एकाच बटणावर बोट ठेवलं, तेही बरोबर एकदम. पडद्यावर दोघं एका रांगेत उभे राहिले. टाळ्या पडल्या. मला स्टेजवर बोलावून नारळ दिला. मी आबांकडं बघितलं. ते पळी हातात धरून तसेच उभे होते आणि त्यांच्या शेजारचा माणूस त्यांच्या पाठीवर थाप मारत होता.

सचिवांनी पानाची लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. पाचशे माणसांनी फोन काढले.

फोनचा पडदा अरुंद असतो. दोन मोठे फोटो शेजारी मावत नाहीत. मग डावीकडचा वर राहतो आणि उजवीकडचा त्याच्या खाली जातो. मी मध्ये फट ठेवली नव्हती. त्यामुळं प्रत्येकाच्या फोनवर वर चेरमन उभे होते, आणि त्यांची पायताणं बरोबर व्हाईस चेरमनच्या फेट्यावर टेकली होती.

पहिली शिवी मागच्या रांगेतून आली. मग व्हाईस चेरमनचा पुतण्या फोन वर धरून खुर्च्यांवरून उड्या मारत पुढं आला. "काकाच्या डोस्क्यावर पायताण! बघा! आमच्या माणसाला पायाखाली घातलंय!"

चेरमनच्या बाजूचा एकजण हसला. बस्स, तेवढंच. त्याच्या तोंडावर खुर्ची बसली. मग मांडवात खुर्च्या उडायला लागल्या. बायका किंचाळत बाहेर पळाल्या, मांडवाचा एक खांब कलला, कुणाच्या तरी हातातला माईक दुसऱ्याच्या डोक्यात बसला आणि स्पीकरमधून तो आवाज सगळ्या गावानं ऐकला. मी लॅपटॉप उचलायला वाकले तेवढ्यात पुतण्यानं माझी वेणी धरली. मान मागं गेली. "वस्तीतली पोरगी तू! तू आमच्या माणसाला पायताणाखाली घालणार? तुझी लायकी ती का?"

मी त्याच्या मनगटाला चावले. नुसते दात लावले नाहीत. तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. त्यानं वेणी सोडली.

आबा पातेल्याकडून पळत आले होते. त्यांच्या हातात पळी होती, ती त्यांनी उगारली नव्हती. ते फक्त माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीला सोड, पोरीला सोड." पुतण्यानं कॅनचं ॲल्युमिनियमचं झाकण उचललं आणि कडेच्या बाजूनं आबांच्या डाव्या कानावर हाणलं. आबा तोल जाऊन मागच्या पातेल्यावर पडले. दुधात रक्त गेलं. खाली पडल्यावर तिघांनी लाथा घातल्या, पोटात आणि पाठीत. दुसऱ्या कुणीतरी माझ्या लॅपटॉपवर उभं राहून टाचा आपटल्या. पडद्यावरचे दोघं गेले आणि नुसता निळा रंग उरला.

आई पळणाऱ्या बायकांच्यातून उलट्या दिशेनं पळत आली. तिनं स्टेजवरचं लाकडी स्टूल उचललं, आबांच्या अंगावर पाय फाकून उभी राहिली आणि ओरडायला लागली, "या की! या! आता कोन येतंय त्यो ईवू दे!" एकजण आला. तिनं त्याच्या गुडघ्यावर स्टूल घातलं. तो बसला तो बसलाच. मग कुणी आलं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की कानाचा पडदा फाटलाय, दोन बरगड्यांना चीर आहे, डाव्या कानानं आता ऐकू येणार नाही. पान ऑफिसच्याच सर्व्हरवर ठेवलं होतं, म्हणून मी व्हरांड्यातून सरांना फोन केला.

"सर, संस्थेचं पान काढा."

"का?"

"फोनवर एकाखाली एक आलंय. पायताण डोक्यावर. माझ्या वडलांना मारलंय."

"सोडायच्या आधी फोनवर बघितलं न्हवतंस?"

"न्हाई."

मी कान फोनपासून लांब धरला. पण शिवी आली नाही. सर म्हणाले, "वडील बोलत्यात का?" मी हो म्हटलं. पाच मिनिटांत पान गेलं. शिव्या त्यांनी मला चार दिवसांनी दिल्या, आणि त्या मी खाली मान घालून ऐकल्या. आबांनंतर माझी मान मी फक्त त्याच माणसासमोर खाली घातलीय.

दुपारी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार लिहून घेत होते. वेणी, झाकण, लाथा, आणि पुतण्या वस्तीवरून जे बोलला ते शब्द, सगळं मी सांगितलं. मग म्हटलं, "आणि मी त्याच्या मनगटाला चावले. रक्त निघालं. तेही लिहा."

हवालदारांनी पेन ठेवलं. "खुळी हायस का पोरी? सोताच्याच इरोधात लिहून घेतीस व्हय?"

"झालंय ते लिहा."

तिसऱ्या दिवशी सचिव घरी आले, दारातच उभे राहिले. आबांना कामावरून थांबवलं होतं. आठ दिवसांनी सभासदांची सभा होती. पोरीनं मुद्दाम केलं असं ठरलं तर आबांना काढायचं, नाही ठरलं तर ठेवायचं. "माझ्या हातात काय न्हाई," सचिव म्हणाले. त्यांचं एक बोट फ्रॅक्चर होतं.

त्याच दिवशी व्हाईस चेरमनची माणसं आली, लिहिलेला कागद घेऊन. त्यात होतं की चेरमननी सांगितलं म्हणून मी हे मुद्दाम केलं. "सही कर. उद्यापासनं तुझा बा काट्यावर."

मी नाही म्हटलं. संध्याकाळी चेरमनची माणसं आली. त्यांचं म्हणणं, तक्रारीत व्हाईस चेरमनचं नाव घाल, त्यांनी हुकूम दिला म्हणून लिही, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, काटा कुठं जात नाही.

"त्यांनी हुकूम दिलेला मी ऐकला न्हाई."

"आयकला असं म्हण की. कोन बघायला आलतं?"

त्यांनाही मी घालवलं. आबा खाटेवर पडून सगळं ऐकत होते, उजव्या कानानं. ते लोक गेल्यावर उठून बसले. "दे एकाला कुनालातर लिहून. कान गेला, काटा तरी ऱ्हाऊ दे."

"मी मुद्दाम केलं असं लिहून देणार न्हाई. चुकून केलं, ते सांगतो."

आबांनी मला मारलं. उठताना बरगडी दुखली असणार, कारण तोंड वाकडं झालं होतं, तरी मारलं. कानशिलात. पट्टीतून त्यांच्याच कानाचं रक्त ओघळायला लागलं. मी जागची हलले नाही. म्हटलं, "मारा. पण मुद्दाम केलं असं लिहिलं तर उद्या माझ्या हातात कोण पान देईल? तुमचा काटा तसा माझा हा काटा हाय. मापात खोटं तुम्ही कधी केलंय का?"

आईनं त्यांना परत झोपवलं आणि पट्टी बदलताना म्हणाली, "परत हिच्या अंगाला हात लावलासा तर ते स्टूल अजून घरात हाय." ते स्टूल तिनं खरंच मांडवातून घरी आणलं होतं.

सभेला मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गेले. संस्थेच्या वरच्या मजल्यावर दोनशे माणसं. दारात दोन पोलीस. आबा भिंतीला टेकून उभे, त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. पुतण्या जामिनावर होता, तोही आला होता, मनगटाला पट्टी. मी तेच पान माझ्या मशिनीवर परत मांडलं होतं. भिंतीवर दाखवलं. दोघं एका रांगेत.

मी पानाची कडा धरली आणि हळूहळू आत ओढायला लागले. पान अरुंद होत गेलं. फोटो बारीक झाले, आणखी बारीक झाले, आणि एका जागेला उजवीकडचा फोटो टपकन खाली गेला. मी कडा बाहेर ओढली, तो वर आला. आत ओढली, खाली गेला. असं सहा वेळा केलं.

"ढकललं कुणीच न्हाई," मी म्हटलं. "जागा कमी पडली की उजवीकडचा खाली जातोय. फोनवर जागा कमी असते."

व्हाईस चेरमन पहिल्यांदा बोलले. "मग हे तुला आदी दिसलं न्हाई व्हय?"

"न्हाई दिसलं, कारण मी फोनवर बघितलंच न्हाई. बघायला पाहिजे होतं. चूक माझी हाय, हे दोनशे माणसांत सांगतो. मुद्दाम न्हाई. आणि माझ्या चुकीची किंमत माझ्या वडलांचा कान न्हाई."

मागून एक म्हातारा ओरडला, "उजवीकडचा खाली जातोय न्हवं? मग उजवीकडं चेरमनला घाल की!"

मी घातलं. दोन ओळींची अदलाबदल. कडा आत ओढली, आणि भिंतीवर चेरमनचा फेटा व्हाईस चेरमनच्या पायताणाखाली गेला. त्यासरशी चेरमनच्या बाजूची चाळीस माणसं उठली. एकानं खुर्ची डोक्यावर धरली. पोलीस आत आले.

"बसा!" मी ओरडले. माझा आवाज मोठा आहे, आईकडून आलाय. "बसा खाली! ह्ये अजून कुणाला दिसलेलं न्हाई. ह्ये माझ्या मशिनीवर हाय. इथं काय पण करता येतं, म्हणून तर इथं करायचं. हितंच मोडून बघायचं, माणसं मोडायच्या आदी!"

खुर्ची धरलेला माणूस तसाच उभा राहिला. मग त्यानं ती खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. कुणीतरी हसलं, आणि यावेळी त्याच्यावर कुणी धावून गेलं नाही.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. रोज सकाळी दोन लिटर दूध घालायला येणारी. वस्तीतला माणूस काट्यावर बसला म्हणून शेजारच्या गावात गेलेल्या चार घरांतली ती. ती म्हणाली, "ह्या दोघांचं तोंड बगायला आमी दूध घालतोय का? काडा दोगांस्नी बी. आनि काट्यावरचा मानूस मला त्योच पायजे. त्येनं एक थेंब कदी हिकडचा तिकडं केला न्हाई."

संस्थेत दुधाची खाती निम्म्याहून जास्त बायकांच्या नावावर आहेत, नवऱ्यांनी कर्जासाठी तशी करून ठेवलेली. हात वर करा म्हटल्यावर आधी त्यांचे हात वर झाले. मग पुरुषांतले अर्धे. सचिवांनी मोडक्या बोटानं मोजले आणि आबांना कामावर ठेवल्याचं वाचून दाखवलं.

सभा उठताना पुतण्याचा बाप आबांच्याजवळ आला. गोड बोलला. "झालं गेलं. काटा मिळाला. आता तेवढी तक्रार मागं घ्या, पावणं."

सगळा जन्म एका गावात काढून त्यानं आबांना पावणं म्हटलं, परगावच्या माणसाला म्हणतात तसं. आबांनी उजवा कान त्याच्याकडं केला, परत सांगा म्हणाले. त्यानं परत सांगितलं. आबांचे हात मुठीत वळलेले मी बघितले. मी ते हात ओळखते. मला वाटलं, आता. पण त्यांनी मुठी तशाच खाली ठेवल्या. म्हणाले, "काटा सभेनं दिलाय, तुमी न्हवं. कान तुमच्या पोरानं घेतलाय. त्येचं कोर्टात बघू."

नव्या पानावर दोघांचे फोटो घालायचे नाहीत असं ठरलं. एकाच फोटोत दोघं शेजारी उभे राहा, म्हणजे वर-खाली व्हायचा प्रश्नच नाही, असं मी सुचवलं होतं. दोघांनीही एकमेकांशेजारी उभं राहायला नकार दिला. तिथं मात्र त्यांचं एकमत झालं. मग संस्थेच्या इमारतीचा फोटो घातला. तो मी लॅपटॉपवर बघितला, माझ्या फोनवर बघितला, सरांच्या फोनवर बघितला, सचिवांच्या आणि त्या म्हातारीच्या नातीच्या फोनवर बघितला. मगच सोडला.

पुतण्यावरची केस कोर्टात उभी आहे. त्यानं माझ्यावर चावल्याची उलट तक्रार दिली, तीही उभी आहे. ती खरी आहे, मी नाकारलेली नाही. आम्ही आमची तक्रार मागं घेतली नाही. सभेच्या दिवसानंतर आबांनी घरात कुणावर हात उचललेला नाही. संस्थेचं पान चालू आहे, ते मी केलंय, आणि आबा काट्यावर आहेत.